तीन हजार नऊशे चौरस मीटर

गेल्या रविवारी भाचीसोबत कल्याणला फ्लॅट बघायला गेले. सेल्सच्या मुलाने कोऱ्या कागदावर भराभर आकडे मांडले. मूळ भाव, फ्लोअर राइज, क्लब हाऊस, सोसायटीचं डिपॉझिट, पार्किंग. वर स्टॅम्प ड्युटी सात टक्के, एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर सहा. भाची आणि जावई दोघंही लोकलने कामाला जातात, घरात स्कूटरसुद्धा नाही. "पार्किंग वगळा ना," ती म्हणाली. "मॅडम, ते बॉक्स प्राइसमध्येच आहे." तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. रिक्षात बसेपर्यंत बोलली नाही.

जमीनच महाग, महापालिका काय करणार, हे ऐकून माझे कान किटलेत. महापालिकेच्या हातात पुष्कळ आहे. 2013 पासून राज्यात नियम आहे. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प उभारणाऱ्याने 20 टक्के क्षेत्र अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटाच्या घरांना द्यायचं. घर साधारण 30 ते 50 चौरस मीटरचं, वाटप म्हाडाच्या लॉटरीतून. बिल्डरला त्याबद्दल वाढीव चटईक्षेत्रही मिळतं, म्हणजे कुणी फुकट मागत नाही. लॉटरीत उड्या पडतात त्या याच घरांवर, कारण ती स्टेशनच्या, शाळेच्या, बाजाराच्या जवळ असतात.

मग घरं इतकी थोडी का? कारण भूखंड अचानक 3900 चौरस मीटरचा होतो. सातबाऱ्यावर पोटहिस्से पडतात, एका जमिनीच्या दोन फायली होतात. जागेवर जाऊन बघा, कंपाउंड एकच, गेट एकच, जाहिरातही एकच. नाशिकमध्ये म्हाडाला न मिळालेल्या अशा घरांचं प्रकरण 2022 मध्ये विधान परिषदेत गाजलं. गाजलं आणि पुढच्या विषयाला वाट मोकळी झाली.

नगररचना विभागाने सलग जमीन एकच धरावी. कुठल्या प्रकल्पाकडून किती लहान घरं यायची होती आणि किती आली, ही यादी प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावावी. ती घरं ताब्यात आल्याशिवाय बाकीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि स्टेशनपासून दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात लहान घरांवरची पार्किंगची सक्ती काढावी. ज्याच्याकडे गाडीच नाही त्याने गाडीच्या जागेचा हप्ता वीस वर्षं का फेडायचा?

स्वस्त म्हणजे लांब, ही समजूतही एकदाची सोडा. विरार-बोळींजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. पाण्याचे हाल, स्टेशन दूर. लॉटरीत नंबर लागलेल्यांनीही घरं परत केली. नळाला पाणी नाही ते घर टँकरच्या पैशांनी महागच पडतं.

लहान, कायदेशीर घर मिळालं नाही म्हणून माणूस फुटपाथवर जात नाही, तो मिळेल त्या इमारतीत जातो. 2013 च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसं गेली. 2025 च्या ऑगस्टमध्ये विरारला 17 जण गेले, तीही इमारत अनधिकृतच. तिथे राहणाऱ्यांना कुणी मूर्ख म्हटलं की माझा संताप होतो. त्यांनीही आधी असाच कागद घडी करून पर्समध्ये ठेवला असेल.

काल भाचीचा फोन आला. दिवा स्टेशनच्या पलीकडे एक वन रूम किचन बघितलंय, कल्याणच्या निम्म्या भावात. मी रेरा नंबर विचारला. दलाल म्हणाला होता, "ताई, नंबर कशाला? आपण नोटरी करून देतो." तिला मी थोडं थांब म्हटलंय. भाड्याच्या घराचा करार मार्चमध्ये संपतोय.