दिवा पाहून पाय पसरावे

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरानं एका दमात १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता, शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि खड्डे साधारण आज आहेत तिथंच होते. मराठवाड्यात एवढ्या मर्सिडीज एकदम कशा, म्हणून देशभर बातम्या झाल्या; पण विचारायचा तो प्रश्न कुणी विचारला नाही. या गाड्यांच्या स्टिअरिंगपाशी क्रूझ कंट्रोल नावाची, लावलेला वेग आपोआप राखणारी जी कळ असते, ती या शहरात दाबायची कुठं? साधा क्रूझ कंट्रोल ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या खाली लागतच नाही, आणि संध्याकाळी सहाला क्रांती चौकातून सेव्हन हिल्सकडे निघालेल्या गाडीच्या काट्यानं तीस गाठला, तर तो सण समजावा. उड्डाणपूल झाले हे खरं. पण पुलावरून माणसाला शेवटी जमिनीवर यावंच लागतं. ती कळ बरीच वर्षं शोभेची राहिली. मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, सावंगीला आणि माळीवाड्याला, म्हणजे शहराच्या वेशीवरच, चढायची सोय झाली आणि त्या कळीला रस्ता मिळाला. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडाही जोडला गेला. आता ७०१ किलोमीटर सलग. सिग्नल नाही, चौक नाही, 'दादा, जरा दाबून घ्या' म्हणत आडवी घुसणारी रिक्षा नाही. कारला १२० च्या वेगाची परवानगी. संभाजीनगरकराला एवढ्या सुखाची सवय नाही, आणि सवय नसलेलं सुख लगेच पायात जातं.

पायात म्हणजे अक्षरशः. क्रूझ लागला की उजवा पाय मोकळा होतो आणि मोकळ्या पायाला काय करावं ते सुचत नाही. आधी चप्पल निघते, मग पाय पसरतो, आणि जालना ओलांडेपर्यंत एखाद्याची अर्धी मांडी घालूनही झालेली असते. दिवसा हे नुसतं विनोदी दिसतं. रात्री त्याचा हिशोब होतो. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. खाली पाडलेला दिवा, म्हणजे आपण ज्याला डिपर म्हणतो तो, साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत रस्ता नीट दाखवतो. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसलं, मेंदूनं ते मान्य केलं आणि पाय ब्रेकवर पोचला, यात एकच सेकंद गेला असं उदारपणे धरू. ३३ मीटर तिथंच गेले. त्यापुढे रस्ता कोरडा, टायर चांगले, ब्रेक चोख असले तरी गाडी थांबायला आणखी सत्तर-ऐंशी मीटर लागतात. बेरीज शंभराच्या वर. दिसत होतं साठ मीटर. उरलेले चाळीस-पन्नास मीटर गाडी निव्वळ श्रद्धेवर चालते. रस्ता शिर्डीला जातो, त्यामुळे श्रद्धा समजू शकते. पण तिथं दुसरा शब्द सबुरी असाही लिहिलेला असतो. आणि एका सेकंदाचा हिशोब पाय ब्रेकजवळ आहे असं धरून केलाय. मांडी सोडायला लागणारा वेळ कुठल्याच कोष्टकात नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: रात्री क्रूझवर कोणता आकडा लावायचा हे रस्त्याकडेच्या पाटीला विचारू नये, गाडीच्या दिव्याला विचारावं. पाटी कमाल वेग सांगते. 'एवढा वेग घ्याच' असा आग्रह करत नाही. वेगाचा आग्रह पंगतीतल्या जिलबीसारखा मनावर घ्यायचं कारण नाही.

क्रूझ कंट्रोल ज्यानं शोधला, त्याला दिसत नव्हतं. ही थट्टा नाही. राल्फ टीटर हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला इंजिनिअर. लहानपणीच अपघातात त्याची दृष्टी गेली. सांगतात ते असं, की त्याचा एक वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा. शेजारी बसलेल्या टीटरला या हिसक्यांचा वैताग आला आणि त्यातून हे यंत्र निघालं. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या इंपिरियल गाडीत ते बसलं. यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की हे यंत्र शेजारच्या सीटवर जन्मलं. हिसके बंद व्हावेत, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. चालवणाऱ्याला डुलकी काढायची सोय व्हावी असं टीटरच्या मनात असायचं कारण नाही, कारण बाजूला बसून जीव मुठीत तोच धरत होता. यंत्राला एक आकडा कळतो आणि तो पाळणं कळतं. रस्त्यावर पाणी साचलं, चाकाची पकड सुटली, तरी ते आपला आकडा राखायलाच बघतं. म्हणून पावसात ते बंद ठेवायचं. घाटात, गर्दीत, डोळे जड झाले असताना, तेव्हाही. आणि 'रिझ्यूम' नावाच्या कळीपासून जपायचं. महामार्गावर १२० लावलेला असतो, सावंगीला उतरताना ब्रेक मारला म्हणून तो सुटतो, पण बंद होत नाही; आकडा पोटात ठेवून गप्प बसतो. मग हर्सूलच्या वस्तीत, काटा चाळीसच्या वर असताना, अंगठा चुकून त्या कळीवर पडला, की गाडी जुनं वैर आठवल्यासारखी उसळते. उतरताना क्रूझ मुख्य कळीवरूनच बंद करावा, याला अर्ध्या सेकंदाचाही खर्च नाही.

अंधारात किती वेगानं पुढं जावं, हे आपल्या भागातल्या माणसाला खरं तर शिकवायची गरज नाही. समृद्धीवर जिथं चढतो त्या माळीवाड्याजवळच देवगिरीचा किल्ला आहे आणि किल्ल्यात अंधारी आहे. शत्रूला वाट कळू नये म्हणूनच खोदलेला तो वळणावळणाचा भुयारी मार्ग. आत शिरताना हातात मशाल असो नाहीतर मोबाइलचा टॉर्च, उजेड जिथवर पडतो तिथवरच लोक पाऊल टाकतात. पोरांना मागं ओढतात, भिंत चाचपतात, वटवाघळाच्या चाहुलीला थबकतात. तिथं शेकडो वर्षांत शत्रू फिरकलेला नाही, तरी ही काळजी. तीच माणसं किल्ला उतरून, भुईमुगाच्या शेंगा खाऊन, दिवेलागणीला गाडीत बसतात आणि तशाच अंधारात सेकंदाला ३३ मीटर शिरतात. आतलं गाणं चालू, एसी चालू, आणि मनात खात्री की पुढं काही नसणारच.

पुढं बरंच काही असतं. यावर पहिला आक्षेप येतो तो असा: लांबचा दिवा लावला की दिसतं सगळं. बरोबर आहे. समृद्धीसारख्या मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर, पुढं कुणी नसेल तर, हाय बीम जरूर लावावा. तो अशाच जागेसाठी केलेला आहे. शंभर-दीडशे मीटर दिसू लागतं आणि वरचा हिशोब कसाबसा जुळतो. पण पुढचं वाहन टप्प्यात आलं की तो खाली घ्यायला हवा, नाहीतर आपला झोत त्याच्या आरशातून त्याच्या डोळ्यात जातो. आणि दिवा खाली घेतला की वेगही खाली घ्यायला हवा. हा दुसरा भाग लोक सोयीस्कर विसरतात. दुसरा आक्षेप: पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसतातच की. लागलेले असतील तर. समृद्धीवर मालवाहू गाड्यांना मर्यादा ८० ची, आपण १२० वर. म्हणजे चालत्या ट्रककडेही आपण सेकंदाला अकरा मीटर सरकत असतो, आणि ट्रक उभा असेल तर पुरे ३३. ऑक्टोबर २०२३ मध्ये वैजापूरजवळ, जांबरगावच्या टोलनाक्यापाशी, रात्रीच्या अंधारात भाविकांची एक मिनीबस ट्रकवर मागून आदळली आणि बारा जण गेले. त्याची कारणमीमांसा करायची ही जागा नाही, आणि त्यावर विनोदही नाही. त्या रस्त्यावर, आपल्याच जिल्ह्यात, पुढचा ट्रक नेहमी चालतच असेल असं धरता येत नाही, एवढंच नोंदवतो.

तिसरा आक्षेप नव्या गाडीवाल्यांचा: आमची गाडी रडारवर चालते, पुढचं वाहन पाहून आपोआप वेग कमी करते. करते, आणि चांगलं करते. पण अशा बहुतेक गाड्यांच्या माहितीपुस्तकात कुठंतरी आतल्या पानावर लिहिलेलं असतं, की जोरात जात असताना वाटेत उभं असलेलं वाहन तिला ओळखता येईलच असं नाही. ते पान कुणी वाचत नाही, कारण पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि पिशवी फोडली तर गाडी जुनी होते. त्याऐवजी लोक स्टिअरिंगला पाण्याची बाटली बांधून, गाडीला 'हात आहे' असं भासवून, स्वतः रील काढतात. माणसानं यंत्राला फसवल्याचा हा मोठा विजय असेल. पण फसलेलं यंत्र चालवत असलेल्या गाडीत आपणच बसलोय, हे त्या विजयात निसटतं. उलट एक आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दिवसा, कोरड्या मोकळ्या रस्त्यावर, ताज्या डोळ्यांनी क्रूझ लावला तर पाय शिणत नाही, पेट्रोल वाचतं आणि नकळत १४० होऊन दंडाची पावती मोबाइलवर येत नाही. त्याला माझा पाठिंबा आहे. पाय मात्र ब्रेकच्या आसपास, चपलेसकट.

आता शहरात येऊ, कारण दिव्यांचा खरा तमाशा इथं आहे. हाय बीम जिथं लावायचा तिथल्यापेक्षा निराला बाजारात जास्त लागलेला दिसतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो, की दिव्याचा झोत इतका खाली वळलेला हवा की आठ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू शकणार नाही. सरकारनं आपल्या डोळ्यांची उंचीसुद्धा मोजून ठेवलीय. फक्त पांढरेफक्क एलईडी बसवून देणाऱ्या दुकानदारापर्यंत ती टेप पोचलेली नाही. बरं, दिवे म्हणजे काय हे या गावाला ठाऊक नाही असंही नाही. इथल्याच व्हेरॉक कंपनीनं २०१२ मध्ये व्हिस्टीऑन या अमेरिकी कंपनीचा गाड्यांच्या दिव्यांचा जगभरातला धंदा विकत घेतला होता, आणि दहा वर्षं चालवून विकला. जगाला दिवे पुरवलेल्या गावात 'अपन को दिखता ना, बस' हे तत्त्वज्ञान मात्र जागच्या जागी राहिलं. २०१५ मध्ये राज्य सरकारनं ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी आणली, कारण लोक ते मनापासून पाळत होते. शेजारच्या 'यूज डिपर ॲट नाइट'वर बंदी घालायची वेळ कधी आली नाही.

'समोरचा खाली घेत नाही, मग मी का घेऊ?' हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो आणि तो सर्वांत कच्चा आहे. दिपलेल्या डोळ्याला पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात. पैठण रोडवर किंवा कन्नडकडे, जिथं मध्ये दुभाजक नसेल तिथं, समोरच्यानं आपल्याला आंधळं केलं म्हणून आपण त्याला आंधळं केलं, तर सूड पुरा होतो खरा. पण दोन आंधळी वाहनं एकमेकांकडे निघालेली असतात आणि त्यातल्या एकात आपण असतो. न्यायाची ही पद्धत फार महाग आहे. त्याच्या दिव्याकडे न बघता डावीकडची पांढरी रेघ धरावी, वेग उतरवावा, स्वतःचा दिवा खाली घ्यावा आणि मनात काय म्हणायचं ते म्हणावं. त्यावर कुठलाही नियम नाही.

चारी इंडिकेटर लावायची तर स्वतंत्र परंपरा आहे. चौकात सरळ जायचं असेल तर चारी. पाऊस आला तर चारी, म्हणजे हा उजवीकडे वळणार की उभाच आहे की घाबरलाय, हे मागच्यानं कुंडली मांडून ओळखायचं. ते दिवे गाडी बंद पडून उभी राहिली असेल तेव्हाचे. समृद्धीवर उभ्या गाडीनं ते लावले तर तेच तिचं कवच असतं. पण तोच इशारा चालत्या गाड्या दिवसभर देत फिरल्या, तर खरा उभा असलेल्यावर विश्वास ठेवायचा कुणी?

आणि मागचा दिवा. हल्ली गाडी सुरू केली की पुढं डोळ्यांतल्या काजळासारखी एक पांढरी पट्टी आपोआप लागते, आत डॅशबोर्डही उजळतो. मालकाला वाटतं, दिवे लागले. बहुतेक गाड्यांत ती पट्टी पुढंच लागते. मागं अंधारच असतो. ऊन उतरल्यावर, सात-साडेसातच्या करड्या उजेडात, अशी गाडी पुढून दिवाळी आणि मागून अमावास्या होऊन धावत असते. हा एकच दिवा मालकाला बसल्या जागेवरून दिसत नाही, म्हणून त्याची चौकशी होत नाही. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू फुटतं, पण मागं जाऊन 'जरा ब्रेक दाब रे' म्हणणारा विरळा. दुसरा माणूस लागतो असंही नाही. गाडीची पाठ पार्किंगच्या भिंतीकडे करून दिवे लावावेत, ब्रेक दाबावा आणि आरशात बघावं, भिंतीवर लाल उजेड दोन ठिकाणी पडतोय का. एकाच ठिकाणी पडला तर गॅरेज गाठावं. कुठंच पडला नाही, तर त्या रात्री समृद्धीवर मागच्याला शेवटच्या साठ मीटरला दिसणारं वाहन आपलंच आहे. एलईडी कधी जात नाही, असं यावर कुणी म्हणेल. जातो, आणि गेला की बल्बसारखा सुटा मिळत नाही. बऱ्याच गाड्यांत अख्खा दिवाच बदलावा लागतो, आणि त्याचा भाव ऐकल्यावर १५० मर्सिडीजमधलाही एखादा मालक 'पुढच्या सर्व्हिसिंगला बघू' म्हणून एका दिव्यावर दिवाळी काढतो.