आपद्ग्रस्तांस दान करण्याची शुद्ध रीत

दान करायचे तर आधी वादळ नीट पारखून घ्यावे. वांगी घेताना आपण देठ पाहतो, वादळ घेताना नाव पाहावे. आपल्याकडच्या समुद्रांतल्या वादळांना २००४ पासून नावे मिळू लागली आणि दानधर्माची फार मोठी सोय झाली. त्याआधी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, ओडिशात एवढे प्रचंड वादळ आले, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, पण त्याला नाव नव्हते. 'ओडिशाचे ते' म्हणत पावती फाडावी लागे. आता हुदहुद, तितली, निसर्ग, तौक्ते असे म्हणता येते आणि फ्लेक्सीवर ते शोभूनही दिसते. (आमच्या तेलंगणात फ्लेक्सला फ्लेक्सी म्हणतात. नांदेडचे पाहुणे हसतात. हसोत.)

वादळ दूरचेही असावे. जवळच्या पाण्यात अडचणी फार. आमच्या निर्मल जिल्ह्यातल्या कडेम धरणाचेच घ्या. जुलै २०२२. धरणाला दरवाजे अठरा, आणि ते सगळे उघडले तर सेकंदाला सुमारे तीन लाख घनफूट पाणी सोडण्याची ऐपत. आले पाच लाखांच्या घरात. त्यात एक दरवाजा उघडेचना. खालची गावे घाईने रिकामी केली, पाणी धरणाच्या डोक्यावरून गेले, आणि धरण कसे टिकले ते त्या धरणालाच ठाऊक. पुढच्या जुलैत पुन्हा तोच प्रकार, पुन्हा दरवाजे अडकलेले. एवढे होऊनही पुण्या-मुंबईहून कडेमसाठी एखादा ट्रक आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. कारण उघड आहे. त्या पाण्याला नाव नव्हते.

नाव असूनही फसगत होते, हे गुलाबने शिकवले. हे वादळ २६ सप्टेंबर २०२१ च्या संध्याकाळी आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला लागले, दुबळे होत तेलंगणावरून मराठवाड्यात शिरले, तिथे मांजरा धरणाचे दरवाजे उघडायला लावून सोयाबीन पाण्यात घातले, आणि उरलेसुरले अरबी समुद्रात जाऊन पुन्हा ताजेतवाने झाले. ३ ऑक्टोबरला ते शाहीन या नव्या नावाने ओमानवर जाऊन आदळले. गुलाब हे नाव पाकिस्तानने सुचवलेले, शाहीन कतारने. एका वादळाने दोन समुद्रांत दोन नावे वापरली आणि मधल्या मुक्कामात, म्हणजे आमच्या डोक्यावर असताना, ते नुसते 'कमी दाबाचे क्षेत्र' होते. कमी दाबाच्या क्षेत्रासाठी कुणाकडे वर्गणी मागून पाहा.

वादळ ठरले की समिती. समितीत अध्यक्ष एक, उपाध्यक्ष मागतील तितके. फ्लेक्सीवर सगळ्यांचे फोटो यावेत, मजकूर मराठीत आणि तेलुगूत दोन्हीकडे असावा, आणि खाली उजव्या कोपऱ्यात जागा उरलीच तर पुराचे एक छोटे चित्र टाकावे. नोव्हेंबर १९७७ मध्ये कृष्णेच्या मुखाशी दिवीसीमेवर समुद्र चढून आला, दहा हजारांवर माणसे बुडाली. तेव्हा एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव गावोगाव झोळी पसरून पैसे मागत फिरले. त्या काळी फ्लेक्सी नव्हती, म्हणून बिचाऱ्यांना स्वतःचे तोंड घेऊन फिरावे लागले. आता तोंड छापून मिळते.

फोटोच्या बाबतीत मात्र जरा हात आखडता ठेवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, तेव्हा मदतीच्या गहू-तांदळाच्या पाकिटांवर पुढाऱ्यांचे फोटो चिकटवले म्हणून केवढा गवगवा झाला. चूक फोटो लावण्यात नव्हती, जागा चुकली. धान्य शिजते, पाकीट फेकले जाते, फोटो उकिरड्यावर जातो. फोटो ट्रकला लावावा. ट्रक परत येतो.

त्या २०१९ च्या पुराला आमच्या गावातही एक समिती निघाली होती, आणि या लेखातले माझे सगळे ज्ञान तिच्यातले. सांगलीची माणसे आपली, मराठी, म्हणून भैंसा, मुधोळ, बासरपासून उत्साह होता. पहिल्या सभेत प्रश्न आला, काय पाठवायचे? एका जुन्या शिक्षकांनी 'पैसे' असा शब्द उच्चारला. सभागृहात थोडा वेळ शांतता पसरली, मग चहा आला. चहानंतर एका सभासदाने सुचवले की, सोबत निर्मलची ओळख म्हणून आपली लाकडी फळे पाठवावीत. पोणिकीचे लाकूड, वजनाला हलके, रंग असा की पेरू खरा वाटावा. शिवाय पाण्यात नासत नाहीत, उलट तरंगतात. सूचना बहुमताने फेटाळली गेली, पण माझे आजही मत आहे की त्या सभेतली तीच सर्वांत प्रामाणिक सूचना होती. ते फळ खाता येत नाही, हे घेणाऱ्याला निदान पहिल्या घासाला कळले असते.

शेवटी कपडे ठरले. कपडेच ठरतात. कपाट उघडावे आणि आतल्या प्रत्येक वस्तूला विचारावे, तू मला पुन्हा लागणार आहेस का? 'नाही' म्हणेल ती पूरग्रस्तांची. लग्नातल्या आहेराची शर्टपीस, बोहारणीने नाकारलेल्या साड्या, एकच पाय असलेल्या चपला, मुलाचे पाचवीचे गणित. हे सगळे एका गाठोड्यात बांधले की घर मोकळे होते आणि पुण्य लागते. भांडे मात्र मिळत नाही, बोहारीण द्यायची. मी स्वतः एक विटकरी रंगाचा स्वेटर दिला. ऑगस्टात सांगलीला स्वेटर कशाला, असे आमची ही म्हणाली. तिला सांगितले की पाण्यात उभे राहून माणसाला थंडी वाजते. त्या स्वेटरचे वरचे बटण हरवले होते. तिने निमूटपणे एक हिरवे बटण लावून दिले, कारण लोकांना देताना बटण तुटलेले देऊ नये असे तिच्या माहेरचे वळण आहे.

यात आम्ही एकटे नाही, ही समाधानाची गोष्ट. १९९८ मध्ये मिच नावाच्या हरिकेनने होंडुरास उद्ध्वस्त केले, तेव्हा विमानतळावर कपड्यांच्या गाठोड्यांचा एवढा ढीग झाला होता की मदतीचे विमान उतरायला जागा नव्हती, असे तिथे काम केलेल्या एका अमेरिकी अधिकारी बाईंनी पुढे सांगितले. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर रस्त्यांच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढिगारे पडून होते. 'गूंज' या संस्थेने ते गोळा करून, निवडून, धुऊन मार्गी लावले. म्हणजे आपल्या गाठोड्यामुळे दूर कुठेतरी कुणाला निवडण्याचे आणि धुण्याचे काम मिळते. रोजगारनिर्मिती हाही दानाचा एक हेतू धरावा.

सरकारांनाही हा मोह सुटत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. महिना उलटून गेला तोच अमेरिकेत कॅटरिना आली. आपले पाय अजून ओले असताना दिल्लीने अमेरिकेच्या रेड क्रॉसला ५० लाख डॉलर दिले. इथपर्यंत व्यवहार चोख. पण पाठोपाठ हवाई दलाच्या विमानातून ब्लँकेटेही धाडली. सप्टेंबरात, न्यू ऑर्लिन्सकडे. माझ्या स्वेटरची बाजू घेणारे कुणीतरी दिल्लीत बसले आहे, हे वाचून मला बरे वाटले होते.

आता पैशाकडे वळू. हा विषय नाजूक आहे, लहान मुले आणि समितीचे अध्यक्ष यांच्यासमोर काढू नये.

पैशाचा मुख्य दोष असा की तो पाठवला की पोचतो. मुख्यमंत्री सहायता निधीत फोनवरून दोन मिनिटांत जमा होतो. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी तर जानेवारी १९४८ पासून आहे, फाळणीत निर्वासित झालेल्यांसाठी काढलेला. ना ट्रक, ना हार, ना झेंडा दाखवणे. फोटो कशाचा काढणार? मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण येते, एवढाच सोहळा. शिवाय पैसा जिथे जातो तिथे अगदीच रुक्ष वस्तूंवर खर्च होतो. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर. घरातला गाळ उपसणाऱ्याची मजुरी. ताडपत्री. भिजून लगदा झालेल्या पट्टादार पासबुकाची नवी प्रत काढायला एमआरओ (म्हणजे तहसीलदार) कार्यालयात घातलेले चार हेलपाटे आणि त्या दिवसांची बुडालेली रोजी. आणि हे पूर ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी, टीव्हीवाले निघून गेल्यानंतर. त्यातही वाईट म्हणजे हा पैसा तिथल्याच किराणा दुकानात खर्च होतो. तो दुकानदारही बुडालेला असतो, त्याचा गल्ला पुन्हा वाजू लागतो. एकाच रुपयाने दोन माणसे उभी राहतात आणि दोघांपैकी एकालाही तुमचे नाव माहीत नसते. असल्या दानाला काय म्हणायचे?

तरीही कुणाला अगदीच राहवत नसेल तर पुढील खबरदारी घ्यावी. दुवा व्हॉट्सॲपवर आला, मजकुरात रडणारे बाळ आहे आणि शेवटी 'दहा जणांना पाठवा' आहे, तर ताबडतोब पैसे टाकावेत. पत्ता तपासण्यात वेळ दवडू नये. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निघाला त्याच दिवसांत बनावट पत्तेही निघाले. खऱ्यात शेवटी 'स' होता, एका खोट्यात नव्हता. एका अक्षरासाठी कोण थांबतो? बासरला सरस्वतीच्या देवळात आपण पोरांना पाटीवर पहिले अक्षर गिरवायला नेतो, ते काय अशा ठिकाणी कामाला यावे म्हणून थोडेच.

पावती मात्र मागावी, निदान मेहुण्यासमोर. 'ऐंशी-जी' हा मंत्र म्हटला की दान एकदम बुद्धिमान दिसते. त्यातल्या अटी वाचू नयेत, मन खट्टू होते. रोख दोन हजारांच्या वर दिले तर वजावट नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तरीही नाही. आणि वस्तू दिल्या, म्हणजे कपडे, भांडी, स्वेटर, तर मुळीच नाही. आमच्या समितीच्या खजिनदाराने गाठोड्यांची किलोवर पावती फाडली होती. ती मी वर्षभर पाकिटात बाळगली. सीएने पाहिली, मग माझ्याकडे पाहिले, आणि फीमध्ये शंभर रुपये कमी केले. एवढाच काय तो करलाभ.

घेणाऱ्याने कसे वागावे, हे कोणतेही मार्गदर्शन सांगत नाही. ते मी सांगू शकतो, कारण जुलै २०२१ च्या पावसात निर्मलमधल्या जीएनआर कॉलनीत पाणी शिरले तेव्हा मी तिथे भाड्याने राहत होतो. पहाटे कॉटखाली काहीतरी खळखळले. मांजर असेल म्हणून मी 'शुक शुक' केले. मांजर नव्हते, पातेले तरंगत होते. दुपारपर्यंत आम्ही दोघे एका मंगल कार्यालयात, हातात औषधांची पिशवी आणि तिचे पोथीचे बासन. तेव्हा मला काय हवे होते ते सांगतो. कोरडे बनियन. फोन चार्ज करायला जागा. आणि पाचशेच्या दोन नोटा, कारण माझे पाकीट पातेल्याबरोबर कुठेतरी फिरत होते. घरमालकाला फोन, हिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नांदेडला भावाकडे जायची बस. हजार रुपयांत माझी आपत्ती त्या दिवसापुरती संपली असती.

संध्याकाळी मदत आली. घेणाऱ्याने अशा वेळी रांगेत उभे राहावे, चेहरा पडलेला ठेवावा पण कॅमेऱ्याकडे असावा, आणि हातात जे पडेल त्याला नाही म्हणू नये. 'मला शर्ट नको, गोळ्यांना पैसे द्या' असे माझ्या पुढचे गृहस्थ म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्यांनी असे पाहिले की मी काही बोललो नाही. ट्रक ओळखीचा होता. गाठोडी ओळखीची होती. सुतळीची गाठसुद्धा आमच्या खजिनदाराची, तो दुहेरी मारतो. सांगलीला जायला निघालेला माल सांगलीला गेलाच नव्हता. डिझेलचे पैसे कुणी द्यायचे यावर समितीत मतभेद झाले होते (फ्लेक्सीत शिल्लक संपली होती), आणि गाठोडी दोन वर्षे गोदामात पडून होती. शेवटी पूरच त्यांच्याकडे आला. वाहतूक खर्च शून्य.

माझ्या हातात एक विटकरी स्वेटर पडला. वरचे बटण हिरवे.

मी तो अंगात घातला. थंडी खरोखरच वाजत होती, पाण्यात उभे राहिले की वाजते हे मी आधीच सांगितले होते. हिने नुसते बटणाला हात लावून पाहिले, पक्के आहे की नाही ते. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. त्यांनी मला ओळखले नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर तो फोटो आला, खाली 'निराधारास मायेची ऊब', आणि समितीचा सभासद या नात्याने मी त्याला दोन्ही हात जोडल्याची खूण पाठवली.

समिती अजून आहे. समुद्रात काही खळबळ झाली की खजिनदाराचा फोन येतो, काय देणार? मी सांगतो, या वेळी हजार रुपये देतो, पण समितीला नाही, थेट निधीत. तो म्हणतो, साहेब, तसे नको, वस्तू काहीतरी द्या, ट्रक भरल्यासारखा दिसला पाहिजे. हजार रुपये मी पाठवतो. स्वेटर धुऊन कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला आहे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत हिने त्याचे दुसरे बटणही बदलून हिरवे लावले.