पाचशे घोडे आणि एक चढ

म्युनिकमध्ये बर्फ पडला की हे दृश्य पाहायला मिळतं. पाचशे अश्वशक्तीची स्पोर्ट्‌स कार एका किरकोळ चढावर जागच्या जागी मागची चाकं गरगर फिरवतेय आणि शेजारून कुणा आजींची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह फियाट पांडा संथपणे वर निघून जातेय.

गाडीचा दोष नाही. उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होत जातं. घोडे कितीही असोत, जमिनीला टेकतात ते तळहाताएवढे रबराचे चारच तुकडे! ट्रॅक्शन कंट्रोल काय करतं, तर चाक घसरलं की इंजिनचा जोर कमी करतं. म्हणजे घोड्यांसाठीही पैसे मोजायचे आणि त्यांना आवरणाऱ्या संगणकासाठीही.

अशा गाड्यांसाठी जर्मन कायद्याने सोय करून ठेवली आहे. मोसमी नंबरप्लेटवर ०४ आणि १० हे आकडे असले, तर कर आणि विमा एप्रिल ते ऑक्टोबरपुरताच. एरवी गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही. चातुर्मासाहून महिनाभर मोठं व्रत! पण मोडणारे मोडतातच.

खरे धनिक स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरित्झला जातात. तिथल्या गोठलेल्या तलावावर जुन्या फेरारी मुद्दाम घसरवतात आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. म्युनिकच्या चढावर हिवाळी टायरविना तेच केलं तर ६० युरो दंड. मागे बस अडकली तर ८०.