सर्व स्तरांतून अभिनंदन

जिल्ह्याच्या आरोग्य सेवेत दोन कामे बारमाही चालतात: रुग्णांवर उपचार आणि कर्मचाऱ्यांचे सत्कार. पहिल्यासाठी पदे मंजूर असतात, दुसऱ्यासाठी माणसे हजर असतात.

महाराष्ट्रात या सेवेची रचनाच सत्काराला पोषक आहे. सपाट प्रदेशात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे ३ हजार आणि २० हजार. ही दोन्ही जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत. दोघांच्या वर परिमंडळाचे उपसंचालक. अशी आठ परिमंडळे राज्यात आहेत. केंद्रातून रुग्णालयात पाठवलेली अडलेली बाळंतीण वाटेत दगावली, तर जबाबदारी नेमकी कोणाची यावर वर्षभर पत्रव्यवहार होऊ शकतो. यशाच्या बाबतीत असा वाद उद्भवत नाही. यश सर्वांचेच असते. ते तालुक्याला, जिल्ह्याला आणि परिमंडळाला असे तीनदा साजरे होते, आणि दर वेळी फोटोच्या मधोमध उभा राहणारा माणूस बदलतो.

सत्काराचे कारण शोधण्यासाठी फार कष्ट पडत नाहीत. ७ एप्रिलला जागतिक आरोग्य दिन, १२ मे रोजी परिचारिका दिन, १ जुलैला डॉक्टर दिन, ११ जुलैला लोकसंख्या दिन, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोषण, १ डिसेंबरला एड्स, २४ मार्चला क्षयरोग. परिचराचा दिवस या दिनदर्शिकेत कोणी साजरा करत नाही. केला तर त्या दिवशी खुर्च्या कोणी मांडायच्या, हा प्रश्न येतो.

यशाच्या प्रकारांत सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे उद्दिष्टपूर्ती. एखाद्या केंद्राने बालकांचे १०८ टक्के लसीकरण केले, एखाद्याने ११५ टक्के, अशी घोषणा मासिक आढावा बैठकीत होते आणि टाळ्या पडतात. शंभरातील एकशेपंधरा बालके कोठून आली, हे त्या वेळी विचारणे शिष्टाचाराला धरून नसते. त्याचे उत्तर खरे तर सोपे आहे. उद्दिष्ट हे अंदाजित लोकसंख्येला जन्मदराने गुणून काढतात, आणि लोक अंदाजाप्रमाणे राहत नाहीत. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. बाळाची पहिली लस माहेरच्या उपकेंद्रात टोचली जाते, सासरचे उपकेंद्र एका बाळाने मागे पडते. बीडकडची ऊसतोड टोळी दिवाळीच्या सुमारास पोराबाळांसह कोल्हापूर-सांगलीच्या फडावर उतरते आणि पट्टा पडल्यावर परत जाते. तिकडच्या सिस्टरने पालावर जाऊन लस दिली तर तिकडचा आकडा फुगतो, इकडच्या सिस्टरला मात्र ‘काम समाधानकारक नाही’ म्हणून नोटीस निघते. म्हणजे लेकी माहेरी येतात म्हणून एका डॉक्टरच्या गळ्यात हार पडतो आणि लेकी सासरहून जातात म्हणून दुसऱ्याकडे खुलासा मागितला जातो. दोघांच्याही शीतपेटीतील लस तीच असते.

दुसरा प्रकार स्वच्छतेचा. स्वच्छ भारत अभियानाच्या पाठोपाठ केंद्र सरकारने २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ योजना आणली. रुग्णालयाचा परिसर, स्वच्छता, जैववैद्यकीय कचरा, जंतुसंसर्ग रोखण्याची पद्धत अशा बाबींना गुण मिळतात. आधी स्वतःच स्वतःला, मग शेजारच्या संस्थेने आणि शेवटी बाहेरच्या पथकाने, असे तीन टप्पे असतात. शेजारच्या केंद्राचे मूल्यमापन करणाऱ्याला, आपल्या केंद्राचे मूल्यमापनही असाच एक शेजारी करणार आहे याची पूर्ण जाणीव असते, त्यामुळे या टप्प्यावर वातावरण खेळीमेळीचे राहते. योजना वाईट नाही, हे येथे नोंदवले पाहिजे. तिच्यामुळे अनेक ठिकाणी प्रसूतिगृहात पाणी आले, कचऱ्याचे लाल, पिवळे, निळे डबे आले, भिंतींना रंग लागला. पथक येण्याच्या आठवड्यात तर केंद्राचे रूप असे पालटते की नेहमीचे रुग्ण आपण खासगी दवाखान्यात शिरलो की काय म्हणून दारातच थबकतात. चादरी ठेवणीतल्या निघतात. कुंड्या येतात. या कुंड्यांपैकी काही पुढच्या आठवड्यात दुसऱ्या केंद्राच्या आवारात दिसतात आणि त्यांच्यातील शेवंतीला तालुक्याचा भूगोल पाठ होतो.

७० टक्क्यांच्या वर गुण पडले की केंद्र बक्षिसाच्या रांगेत येते. जिल्ह्यातील पहिल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला २ लाख, बाकी पात्र केंद्रांना उत्तेजनार्थ ५० हजार. यातील तीन चतुर्थांश रक्कम संस्थेच्या सोयीसुविधांवर खर्च करायची आणि एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना द्यायची, असा नियम आहे. उत्तेजनार्थ बक्षिसाचे साडेबारा हजार पंधरा जणांत वाटले तर प्रत्येकी ८३३ रुपये पडतात. सत्काराच्या शाली, श्रीफळे, फ्लेक्स आणि पाहुण्यांच्या जेवणासाठी शासनाचे लेखाशीर्ष नसल्याने तो खर्च वर्गणीतून भागवावा लागतो. वर्गणी बहुतेक ठिकाणी बक्षिसाच्या आधी जमा होते. परिणामी सत्कारमूर्तीच्या खांद्यावर पडणारी शाल ही बऱ्याचदा त्याच्याच पैशांची असते, फक्त ती दुसऱ्याच्या हातून येते.

क्षयरोगाच्या बाबतीत गौरवाचे निकष जास्त सूक्ष्म आहेत. २०२३ पासून ‘क्षयरोगमुक्त पंचायत’ या उपक्रमात ग्रामपंचायतींना महात्मा गांधींचा पुतळा देतात: पहिल्या वर्षी कांस्य रंगाचा, सलग दुसऱ्या वर्षी रुपेरी, तिसऱ्या वर्षी सोनेरी. पात्र ठरण्यासाठी हजार लोकसंख्येमागे किमान ३० संशयितांची तपासणी व्हावी लागते आणि हजारी एकापेक्षा जास्त क्षयरुग्ण असता कामा नये. म्हणजे आरोग्य सेवकाने कसून शोधायचे आणि फारसे काही सापडू द्यायचे नाही. ज्याने चिकाटीने बेडके गोळा करून चार रुग्ण शोधले, औषधे सुरू केली आणि पुढची लागण थांबवली, त्याच्या गावाचा पुतळा त्याच्यामुळेच हुकतो. गावकरी त्याला ते बोलूनही दाखवतात. ज्या गावाला पुतळा मिळतो तेथे तो सरपंचांच्या हाती पडतो आणि थुंकीच्या डब्या वाहून नेणारा फोटो काढत असतो.

राज्याचा मानाचा पुरस्कार डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाने आहे. चांगले काम करणाऱ्या आरोग्य संस्थांना तो मिळतो. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात वैद्यकीय पदवी घेतली, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, पण क्षयाने त्यांना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी गाठले. तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या. नेमणूक होऊनही रुजू न होण्याचे त्यांचे कारण खरे होते. आज दुर्गम तालुक्यातील केंद्रावर नेमणूक झालेल्या आणि रुजू न झालेल्या डॉक्टरांची कारणे मंत्रालयातून येतात.

समारंभाचा क्रम ठरलेला असतो. वेळ सकाळी ११ ची, म्हणजे बाह्यरुग्ण विभाग भरात असतानाची. पाहुणे दीड वाजता येतात. तोवर ओपीडी बंद ठेवायची की पाहुण्यांची वाट पाहत पेशंट तपासायचे, याबद्दल लेखी सूचना नसतात. केसपेपर काढलेले रुग्णच मागच्या रांगांत बसवले की गर्दीचाही प्रश्न सुटतो. दीपप्रज्वलन, धन्वंतरीच्या फोटोला हार, स्वागतगीत, मान्यवरांचे स्वागत, त्या स्वागताचे स्वागत, प्रास्ताविक. प्रास्ताविकात तालुका आरोग्य अधिकारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शनाचा उल्लेख करतात, जिल्हा आरोग्य अधिकारी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या प्रेरणेचा, मुख्य कार्यकारी अधिकारी पालकमंत्र्यांच्या दूरदृष्टीचा. पालकमंत्री मुंबईत असतात. सत्काराला उत्तर देण्यासाठी सत्कारमूर्तींना दोन मिनिटे मिळतात आणि त्यातील एक मिनिट नावे घेण्यात जाते. रिक्त पदे, महिनाभर संपलेल्या गोळ्या, प्रसूतीच्या रात्री बंद पडणारा इन्व्हर्टर हे विषय या दोन मिनिटांत बसत नाहीत. एखाद्याने बसवायचा प्रयत्न केलाच तर आभार मानणारा माईककडे सरकू लागतो.

दुसऱ्या दिवशी बातमी येते. तिचा मसुदा कार्यालयातच तयार होतो, त्यामुळे सर्व दैनिकांत ती शब्दशः सारखी असते: अमुक केंद्राची निवड, तमुक यांच्या हस्ते गौरव, याबद्दल सर्व स्तरांतून अभिनंदन. बातमीत पंधरा नावे असतात, त्यातील बारा पाहुण्यांची. रात्री दोनला अडलेले बाळंतपण सुखरूप करणारी सिस्टर ‘व इतर कर्मचारी’ यात येते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र समता नांदते. तेथे पुरस्कार, पदोन्नती, बदली, मुलाचे बारावीचे टक्के, नवी मोटारसायकल या सर्वांना एकच पुष्पगुच्छ पडतो. डॉक्टर सुट्टीवर असल्याने रुग्ण परत गेल्याची सूचना कोणी टाकली तर सवयीने तिच्याखालीही दोन-तीन हात जोडले जातात आणि एक केक येतो. बदलीच्या वेळी निरोप आणि स्वागत असे दोन समारंभ होतात. जागेवर कोणी आलाच नसेल तर स्वागत तेवढे पुढे ढकलतात. कंत्राटी कर्मचाऱ्यांचा करार ११ महिन्यांचा असतो. त्यांचे दरवर्षीचे पुन्हा रुजू होणे आजवर कोणी साजरे केलेले नाही. त्या दिवसांत ते स्वतःच आदेशाची वाट पाहत असतात.

या सगळ्यांत ज्यांचा गौरव सर्वाधिक झाला त्या कर्मचारी नाहीत. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी भारतातील दहा लाखांहून अधिक आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. जगातील इतका मोठा सन्मान आणि इतका विभागलेला, क्वचितच. तालुक्या-तालुक्यात केक कापले गेले, केक बहुतेक आशांनीच आणले. आशा ही शासनाच्या दप्तरी स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा फेऱ्या घालायच्या, वजन घ्यायचे, ताप पाहायचा, बेंबी पाहायची, आईला अंगावर पाजायला शिकवायचे, याचे २५० रुपये. तेही सहाही फेऱ्यांचा फॉर्म भरला आणि तपासला गेला तर. जागतिक नेतृत्वाचा पुरस्कार मिळून दोन वर्षे होण्याआधी, २०२४ च्या सुरुवातीला, महाराष्ट्रातील हजारो आशा मानधनवाढीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. ५ हजारांच्या वाढीचा शासन निर्णय मार्चमध्ये निघाला. त्याच महिन्यात त्यांच्या जिल्ह्यांत महिला दिनाचे सत्कार झाले.

शेवटचा सत्कार निवृत्तीचा. तो वर्षभर अधूनमधून होतो, पण त्याचा खरा हंगाम ३१ मे. एका पिढीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मदाखले नसायचे, गुरुजींनी सोयीसाठी बहुतेकांचा जन्म १ जूनचा मांडला. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला शासकीय कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे आरोग्य सेवक, सहाय्यक, वाहनचालक, सिस्टर असे सगळे एकाच संध्याकाळी एकाच मंडपात शाल पांघरून बसतात. उकाड्यात शाल अंगावर ठेवणे हा सेवेतील अखेरचा शिस्तीचा भाग असतो. भाषणांत तीस-पस्तीस वर्षांची निष्कलंक सेवा येते. सेवापुस्तकात मात्र यातील एकही सत्कार चढलेला नसतो आणि पेन्शनचे प्रकरण नेमके त्या पुस्तकातील एका राहून गेलेल्या नोंदीवर अडते.

पावसाळ्यातील गॅस्ट्रो, कावीळ, डेंग्यू आणि लेप्टो यांची तयारी नेमकी याच आठवड्यात सुरू होते. विहिरींत टीसीएल टाकायचे, पाण्याचे नमुने पाठवायचे, नदीकाठच्या गावांच्या याद्या करायच्या. हे काम तीस वर्षे जमेल तसे चालवणारी माणसे आदल्या रात्री नारळ घेऊन घरी गेलेली असतात. त्यांच्या जागांवर भरती होत नाही, अतिरिक्त कार्यभाराचा आदेश निघतो. एका उपकेंद्राचा कारभार पाहणाऱ्या सिस्टरकडे तीन उपकेंद्रे येतात. आदेशाचा फोटो सकाळी सव्वाअकराला ग्रुपवर पडतो आणि दुपारपर्यंत तिचे सर्व स्तरांतून अभिनंदन झालेले असते.