बारा जीबीचे नाना

सोसायटीतले ज्येष्ठ नागरिक भेटले की एकमेकांना शुगर विचारतात. नाना रॅम विचारतात. आपण ‘चार जीबी’ म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. मग एकदम जवळ येऊन हळूच, “मागे स्लॉट रिकामा असेल हो! उघडून बघू या का?”

बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक नर्मदा परिक्रमेला जातात. नाना लॅमिंग्टन रोडला जाऊ लागले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण असं म्हटलं तर नानांनाच रस्ता सापडणार नाही. डोंबिवलीहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, आणि परत येताना खिशात एक रॅम. एकच. दुकानदार दरवेळी सांगतो, “काका, जोडी घ्या. सेम कंपनी, सेम स्पीड, टेन्शन नाही.” नाना चष्म्यावरून बघत विचारतात, “आणि घरी आठ जीबीची आहे, तिचं काय लोणचं घालू?”

नानांकडे श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. लोकांच्या बाद लॅपटॉपमधून काढलेल्या रॅम त्यात कागदाच्या पुड्यांमध्ये नांदतात. प्रत्येक पुडीवर बँकेतल्या वळणदार अक्षरात नोंद: ‘भाच्याची. ४ जीबी, २४००. चालू.’ ‘तळमजला. २ जीबी. शंकास्पद.’

त्यातलीच भाच्याची ४ जीबी त्यांनी आपल्या ८ जीबीच्या, ३२०० वेगाच्या रॅमशेजारी बसवली. भाचा कॉम्प्युटर इंजिनिअर. तो हळहळला, “नाना, आता दोन्ही २४००नेच चालणार!” खरंच आहे. प्रत्येक रॅमवर एक चिमुकली चिप असते. तिच्यात त्या रॅमचा वेग, व्होल्टेज वगैरे लिहिलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना बायोस ते वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. म्हणजे धावणारीनं रांगणारीसाठी थांबायचं. नानांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. “अरे, पंगतीत सगळ्यात सावकाश जेवणाऱ्याचा ताकभात संपेपर्यंत बाकीच्यांनी बसून राहायचं असतं. उठून जातोस का तू?”

“आणि ड्युअल चॅनलचं काय?”

“आठातले चार आणि हे चार जोडीनं काम करतात, उरलेले चार एकटे. बेकार कोणीच नाही!”

भाच्यानं नाद सोडला. शिवाय गंमत अशी, की नानांचा हिशेब बरोबर होता. रॅम भरली की लॅपटॉप डिस्ककडे हात पसरतो, आणि तिथल्या खोळंब्यापुढे २४०० आणि ३२०० मधला फरक किरकोळ. आरतीसंग्रहाचं पीडीएफ, म्युच्युअल फंडाची पानं आणि नातवाचा व्हिडिओ कॉल एकाच वेळी चालला, तेव्हा नानांनी ‘वेग’ हा विषय मिटवून टाकला.

पण नानांना बघावं ते रॅम बसवताना. आधी चार्जर काढायचा. मग शिलाई मशीनच्या खणातला छोटा स्क्रूड्रायव्हर. स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं ताटलीत. मागचं झाकण उचकटायला मुदत संपलेलं डेबिट कार्ड. आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीची पिन सोडवायची. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून गोदरेजच्या कपाटाला, जिथे रंग उडालाय तिथे, हात लावायचा. रॅमच्या सोनेरी दातांवरून नातवाचं खोडरबर अलगद फिरवायचं. मग ती तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची, वरून दोन बोटांनी दाबायची, आणि दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘टक्’ ऐकू आला की डोळे मिटायचे.

नवी रॅम बघून लॅपटॉप पहिल्यांदा जरा विचारात पडतो. पडदा काळाच. नानी स्वयंपाकघरातून विचारतात, “गेला का हो?”

“गेला नाही, ओळख करून घेतोय,” नाना पुटपुटतात. पण हात जोडलेले असतात.

कशालाही काहीही जोडतात असं मात्र नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ डीडीआर ३ची रॅम डीडीआर ४च्या स्लॉटमध्ये रेटू लागले, तेव्हा नानांनी त्यांचं मनगटच धरलं. “खाच बघा! मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलीय. हिच्या पिना २०४, त्याला हव्यात २६०. मोजायचा कंटाळा असेल तर एवढंच लक्षात ठेवा: जोर लावावा लागला की समजायचं, आपलं चुकतंय.”

दिवाळीत मुलगा आला तो वहीएवढा पातळ लॅपटॉप घेऊन. १६ जीबी. त्याचं विमान उडायच्या आत नानांनी झाकण उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. स्लॉटच नव्हता. रॅम थेट बोर्डावर डाग देऊन चिकटवलेली. “म्हणजे जन्मला तेवढाच राहणार हा?” त्यांनी झाकण लावलं आणि लॅपटॉप नानींच्या हवाली केला.

नानी खूश आहेत. त्या सांगतात, “आमच्याकडे सगळे स्क्रू जागेवर असलेलं तेवढं एकच यंत्र आहे.”