वहिनींचा ताळेबंद

आमच्या सातपूर कॉलनीत वजन कमी करणाऱ्या बायका पुष्कळ. वजनाचं खातं लिहिणाऱ्या वहिनी मात्र एकट्याच. एमआयडीसीतल्या एका लहानशा कारखान्यात त्या अकाउंट्स बघतात. दिवाळीला सप्लायरांकडून डायऱ्या येतात, त्यातली एक घरी येते आणि तिच्यात डावीकडे आवक, उजवीकडे जावक असे रकाने आखले जातात. आवक म्हणजे तोंडात गेलेलं, जावक म्हणजे घाम.

"घ्या ना वहिनी, एकच वडापाव," असा आग्रह झाला तर वहिनी कधी नाही म्हणत नाहीत. डोळे बारीक करून त्या वड्याकडे बघतात, मनात भाव ठरवतात आणि म्हणतात, "तीनशे धरा." मग खातात. आग्रह करणाऱ्याचा हात मात्र तोंडाशी जाता जाता थांबतो. त्यांच्यासोबत बसून आजवर कुणाला सुखानं खाता आलेलं नाही. बारशाला गेलो तर त्या बाळाच्या आधी पेढा बघणार. साखर एका चमच्याला वीस कॅलरी, तेल-तूप एका चमच्याला पंचेचाळीस, असा पाढा त्यांच्या जिभेवर असतो, आणि तो खोटाही नसतो. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला चार, चरबी ग्रॅमला नऊ, हा कोष्टकाचा पाया जगभर एकच आहे. पंचाईत इतकीच की वहिनी तो समोरच्याच्या ताटाला आधी लावतात.

कॅलरीवर येण्याआधी त्यांचे दोन पंथ करून झाले होते. २०१८च्या आसपास अख्ख्या महाराष्ट्राची दीक्षित आणि दिवेकर अशी फाळणी झाली होती, ते दिवस आठवत असतील. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, आजीच्या हातचं खा, मोसमातलं खा, तुपाला घाबरू नका. घराघरांत तट पडले. वहिनींनी भांडण न करता दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचललं: दीक्षितांकडून पंचावन्न मिनिटांची मुभा आणि दिवेकरांकडून तूप. सहा महिन्यांनी काटा तीन किलोनं पुढे सरकला, तेव्हा त्यांनी दोन्ही पंथ सोडले आणि त्या शुद्ध आकडेमोडीकडे वळल्या. "ताई, माणसं चुकतात, आकडे चुकत नाहीत," असं त्या मला म्हणाल्या होत्या. अकाउंट्समध्ये वीस वर्षं काढून माणूस असं कसं म्हणू शकतो, हे मला अजून कळलेलं नाही.

पहिला आकडा आला १२००चा. हा आकडा बायकांच्या मागे शंभर वर्षं लागलेला आहे. लॉस एंजेलिसच्या लुलू हंट पीटर्स नावाच्या डॉक्टरीणबाईंनी १९१८ साली पुस्तक लिहून अमेरिकेतल्या बायकांना शिकवलं की पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरींचा पाव म्हणा. आणि बारीक व्हायचं तर दिवसाला १२०० पुरेत. तो आकडा समुद्र ओलांडून, त्र्यंबक रोडनं आमच्या कॉलनीत शिरला आणि वहिनींच्या फ्रिजवर चिकटला. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी संकष्टी होती.

मग मुलगा मध्ये पडला. तो इंजिनीअरिंगला आहे, त्यामुळे घरात त्याला सूत्रं लिहायची परवानगी आहे. १९९० सालचं मिफलिन-सेंट जिओर नावाचं सूत्र त्यानं डायरीत मांडलं: वजनाची दसपट, त्यात सेंटिमीटरमधल्या उंचीची सव्वासहा पट मिळवायची, वयाची पाचपट वजा करायची. वहिनी अडुसष्ट किलो, पाच फूट एक इंच, वय चव्वेचाळीस. इथवर ठीक होतं.

"आता बायकांसाठी आणखी १६१ वजा," मुलगा म्हणाला.

"का? कशाबद्दल?"

"सूत्रच तसं आहे, आई."

"आणि पुरुषांचे किती वजा?"

"त्यांना पाच मिळवायचे."

वहिनींनी पेन खाली ठेवलं. वहिनींचे यजमान, भाऊ, कोपऱ्यात पेपर वाचत होते, त्यांच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "म्हणजे इथेही इन्क्रिमेंट यांनाच!"

उत्तर आलं १२६८. हे नुसतं पडून राहण्याचं बिल. श्वास, हृदय, मेंदू चालू ठेवायचं. उठून काही केलं की त्याला गुणायचं: बैठ्या माणसाला १.२, थोडीफार हालचाल असेल तर १.३७५, चांगली असेल तर १.५५, भरपूर असेल तर १.७२५. जो आकडा येईल त्यातून चार-पाचशे कमी खायचं, म्हणजे वजन हळूहळू उतरतं. एवढं साधं गणित. पण नेमक्या या गुणाकाराशी सगळ्या बायका, आणि त्यांच्या आघाडीवर वहिनी, अडून बसतात. कारण प्रश्न असा येतो की मी किती हलते?

वहिनी म्हणाल्या, "भरपूर."

यावर भाऊंनी पेपरमागून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आधार काढला. २०२०च्या कोष्टकात पंचावन्न किलोच्या बाईला बैठं काम असेल तर १६६०, मध्यम असेल तर २१३० आणि जड असेल तर २७२० कॅलरी दिल्या आहेत. वहिनींची नजर आधी खालच्या ओळीवर गेली. २७२० पाहून चेहरा उजळला. "यातून पाचशे वजा केले तरी बावीसशे वीस! मी उगाच उपाशी मरत होते."

मग मुलानं जुनी वर्गवारी वाचून दाखवली. जड कामात बायकांपैकी कोण? दगड फोडणारी. मध्यम कामात मोलकरीण, शेतमजूर, विणकरीण. आणि बैठ्या कामात शिक्षिका, शिंपीण आणि गृहिणी.

गृहिणी बैठी! ती सगळी दुपार कॉलनीत दुसरा विषय नव्हता. वहिनींनी प्रत्येक जिन्यावर उभं राहून सांगितलं की ज्यानं हे लिहिलं त्यानं चार माणसांच्या पोळ्या लाटून, पाण्याच्या वेळेला उठून, पिंप भरून दाखवावं. यात मी पूर्णपणे वहिनींच्या बाजूची आहे. फक्त वहिनींकडे धुण्याभांड्याला मावशी आहेत, हे त्या वेळी कुणी काढलं नाही. मावशी श्रमिकनगरहून चालत येतात आणि चार मजल्यांवर पाच घरं करतात. "मावशी, तुम्ही किती हलता?" असं मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी कशाला हलू, मला बसायलासुद्धा टाइम नाही."

शेवटी तडजोड १.५५वर झाली. आता १.५५मध्ये व्यायाम धरलेला असतो. वहिनींनी तो गुणाकार केला आणि शिवाय झुंबा क्लासचे रोजचे साडेतीनशे जावकमध्ये वेगळे दाखवले. एकच बिल दोनदा पास केल्यासारखं हे. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर वहिनींनी त्याचा खुलासा मागवला असता.

जावकच्या रकान्याचा दुसरा आधार म्हणजे मनगटावरचं घड्याळ. रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत. हा आकडा मात्र कुठल्या वैद्यानं दिलेला नव्हे. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं. ती पावलं पुरी करायला वहिनी संध्याकाळी अ‍ॅक्टिव्हा काढून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जातात. एवढ्या अंतरात चालण्याचा कोटा पुरा होईल, असं भाऊंनी एकदा सुचवून पाहिलं होतं. "आणि रस्त्यानं काय कंटेनरखाली जाऊ?" हे उत्तर त्र्यंबक रोडच्या रहदारीत खोडण्यासारखं नाही. शिवाय पोळ्या लाटताना, ताक घुसळताना घड्याळाला वाटतं बाई चालत्येय. एका रविवारी ओट्यापाशी उभ्या उभ्या नऊशे पावलं झाली. घरचे तेव्हापासून पोटभर ताक पितात.

पाच आठवड्यांनी वार्षिक हिशेबासारखा दिवस आला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. डायरीप्रमाणे तीन किलो उतरायला हवे होते. काट्याप्रमाणे उतरले आठशे ग्रॅम. फरक दोन किलो दोनशे. वहिनींनी गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, सोळा हजार नऊशे चाळीस कॅलरींचा ताळा लागत नाही!"

भाऊ एका कंपनीत क्वालिटीला आहेत. एरवी ते या प्रकरणात पडत नाहीत, पण गहाळ मालाचं नाव काढल्यावर त्यांच्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. आधी त्यांनी स्वयंपाकघरातला काटा तपासला, त्यावर सीलबंद मिठाची पिशवी ठेवली. काटा बरोबर निघाला. पुढच्या रविवारी सकाळी सातपासून ते ओट्याशेजारी स्टूल टाकून, मांडीवर पॅड घेऊन बसले. एक शब्द बोलायचा नाही, फक्त टिपायचं. वहिनींनी पोहे वजन करून घेतले, भाकरीचं पीठ वजन करून घेतलं, आणि फोडणीला तेल? ते बाटलीतून धार धरून. भाऊंनी टिपलं: नोंद एक चमचा, प्रत्यक्ष तीन. दाण्याचं कूट करायला भाजलेले शेंगदाणे पाखडता पाखडता मूठभर तोंडात गेले. शेवभाजीची शेव मऊ पडली का ते पाहायला चिमूटभर. धाकटीच्या ताटात राहिलेला वरणभात "टाकायचा का आता?" म्हणून उभ्यानंच. आणि चहा. वहिनी चहा कधीच घेत नाहीत, अर्धा घेतात. त्या दिवशी तीनदा अर्धा घेतला.

संध्याकाळी भाऊंनी अहवाल वाचला. दाणे १६५, जादा तेल ९०, चहा १०५, उष्टं ८०, शेव ५५. एकूण ४९५. गहाळ माल पस्तीस दिवसांवर पसरला तर रोजचे ४८४. "ताळा लागला," भाऊ म्हणाले, "उलट अकरा जास्त निघाले."

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण हे खाणं थोडंच आहे? हा स्वयंपाक आहे."

या वाक्यापुढे हैदराबादची संस्थाही हतबल होईल.

वहिनींच्या विद्येचा खरा पेच तळमजल्यावर झाला. तिथली एकजण कंपनीत असेम्ब्ली लाइनवर आहे. पहाटे साडेचारला उठून डबे करते, फर्स्ट शिफ्टची बस पकडते, आठ तास उभी राहते, परत येऊन दुसरा स्वयंपाक. तिलाही दिरांच्या लग्नाआधी पाच किलो कमी करायचे होते. वहिनींनी प्रेमानं तिला फ्रिजवरचा १२००चा कागद दिला. तो नाहीतरी शिल्लकच होता. दहाव्या दिवशी तिला लाइनवर घेरी आली. कंपनीतल्या नर्सनं मीठ-साखरेचं पाणी पाजलं, डॉक्टरांनी हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं आणि बजावलं की इतकी उभी राहणारी बाई बाराशेवर चालत नाही. पंधराशे-सोळाशेच्या खाली यायचं नाही, डाळ-उसळ-अंडं वाढवायचं, आणि महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

वहिनींनी हे ऐकलं आणि त्यांच्या पोटात कालवलं. पण त्यांची व्यक्त होण्याची पद्धत एकच. त्यांनी डायरी उघडली, तिच्या नावाचं पान काढलं, १२००वर लाल रेघ मारली, शेजारी १५५० लिहून सही केली. आणि आठवडाभर, तिची बस यायच्या वेळेला, दोन भाकरी आणि मटकीची उसळ घेऊन खाली उभ्या राहिल्या. "नोंद करू नकोस," असंही म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

श्रावणात मात्र डायरी संकटात येते. वहिनींचं सासर धुळ्याकडचं. सासरे कंपनीत लागले तेव्हा इकडे आले, सोबत कानबाईही आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या कॉलनीतल्या कितीतरी खान्देशी घरांत कानबाई बसते, रात्रभर अहिराणी गाणी चालतात, आणि रोटाचा प्रसाद भाऊबंदांनी संपवायचा असतो. पुरणपोळी, खीर, वर तूप. यंदा वहिनींनी पोळीचा काठ मोडून डोळे बारीक केलेच होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "कितलं मोजस व माय! पोटले काय हिसाब समजस?" आणि चमचाभर तूप आणखी ओतलं. वहिनींनी निमूट खाल्लं. रात्री मी डायरी पाहिली. त्या तारखेला लिहिलं होतं: 'देवीचे. हिशेबाबाहेर.'

त्याची भरपाई म्हणून तिसऱ्या सोमवारी त्या ब्रह्मगिरीच्या फेरीला निघाल्या. वीस किलोमीटरची वाट, वर पाऊस, खाली चिखल, पुढेमागे हजारो माणसं. भाऊ होते, मी होते, तळमजल्यावरची होती. ती सगळ्यांच्या पुढे होती आणि मधेमधे आमच्यासाठी थांबत होती. त्र्यंबकेश्वरात परत आलो तेव्हा वहिनींना पाय हलवता येत नव्हता, पण घड्याळाकडे बघून त्यांना धन्य वाटत होतं. उपासाच्या पदार्थांच्या टपरीवर आम्ही टेकलो. एक प्लेट साबुदाणा वडा चौघांत आली.

"बाराशे तरी जळाले असतील," वहिनी म्हणाल्या. "खाल्लं मात्र काहीच नाही. ताई, मी काय म्हणते, शिल्लक रजा पुढच्या वर्षी ओढता येते, मग शिल्लक कॅलरी का नाही?"

भाऊ वड्याचा तुकडा चटणीत बुडवत म्हणाले, "लॅप्स होतात. आजच्या आज."

"असं?" वहिनींनी टपरीवाल्याकडे वळून बोटं वर केली. "ओ दादा, इकडं अजून दोन प्लेट. आणि चहा. माझा अर्धाच."