ओझरमध्ये पतंग कसे ओळखावेत: इच्छुकांसाठी सूचना

या सूचना ओझर गाव, ओझर मिग आणि बाणगंगेच्या काठावरच्या अशा नागरिकांसाठी आहेत, ज्यांना रात्री झोप उत्तम लागते आणि तरीही जागायची हौस आहे. अष्टविनायकातल्या ओझरच्या वाचकांनी त्या स्वतःच्या जबाबदारीवर वापराव्यात.

सर्वप्रथम फुलपाखरांचा नाद सोडा. भारतात त्यांच्या जाती चौदाशेच्या आसपास. पतंगांच्या दहा हजारांवर. शिवाय फुलपाखरू दिवसा येतं, रंगीत असतं आणि ते दाखवलं की पाहुणे कौतुक करतात. पतंगांत यातली एकही गैरसोय नाही.

साहित्य थोडकंच: पांढरं कापड, दिवा, कॅमेरा आणि दोन-तीन सोबती. कापडासाठी आजोबांचं जुनं धोतर सर्वोत्तम. रुखवतातली चादर घेऊ नये. पतंग तिच्यावर जे काही सोडून जातात ते धुऊन निघत नाही, आणि चादर कोणी नेली हे घरात कळतंच. दिवा मर्क्युरीचा किंवा अतिनील नळीचा असावा. साध्या एलईडीवर पतंग कमी येतात, शेजारी मात्र तेवढेच येतात. कापड ताणून दिवा लावला की गल्लीतली पोरं गणपतीतला सिनेमा समजून समोर मांडी घालून बसतील. त्यांना उठवू नका. पडद्याच्या मागच्या बाजूचा पतंग तीच शोधतात.

जागा एचएएलच्या कुंपणापासून लांब निवडावी. हा कारखाना १९६४ सालचा, तिथे लढाऊ विमानं बनतात. रात्री अकराला प्रखर दिवा आणि कॅमेरा घेऊन त्या भिंतीलगत सापडलेल्या माणसाने "पतंगांचे फोटो काढतोय" असं सांगितलं, तर ते खरं असूनही ऐकवत नाही.

हंगाम जुलै ते सप्टेंबर. रात्र दमट, ढगाळ, बिनवाऱ्याची आणि बिनचंद्राची हवी. २०१२ पासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात, आणि आपली दिव्यांची अवसही बहुधा त्याच सुमारास येते. शास्त्र आणि पंचांग यांचं इतकं एकमत क्वचितच होतं. अडचण एवढीच, की दीपपूजन आटोपल्यावर त्या रात्री बऱ्याच मंडळींचे वेगळे कार्यक्रम ठरलेले असतात. तिथून थेट पडद्यावर आलेल्या सोबत्याची "तळहाताएवढा होता!" ही साक्ष नोंदवहीत घेऊ नये.

पतंग दिव्यावर प्रेमापोटी झेपावतो, असं कोणी शायरीत सांगू लागलं तर त्याला थांबवा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवलं, की उडणारे कीटक पाठ उजेडाकडे करतात. रात्री आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे एरवी या सवयीने त्यांना वर-खाली कळतं. मध्ये आपला दिवा आला की सगळं गणित बिघडतं आणि ते गिरक्या घेत राहतात. शायरांचं यात नुकसान आहे, पण ओझरकरांना हे लगेच पटतं. वैमानिकाचं क्षितिज हरवलं की काय होतं, ते इथे घरोघरी ठाऊक आहे.

पतंग बसला की फोटो वरून, सरळ काढावा. पुढचे दोन्ही पंख, मिशा, जमल्यास मागचा पंख आणि शेजारी मोजपट्टी. कानांत कापूस घालावा. का, ते विचारू नये. काळा-नारिंगी, सडपातळ भुंगेरा मानेवरून चालू लागला तर चापट न मारता फुंकरीने घालवावा. चिरडला तर फोड उठतात.

आता ओळख पटवणे. बरेच पतंग पंख त्रिकोणी ठेवून बसतात, अगदी मिग-२१ सारखे. टाउनशिपमधल्या ज्या काकांचा जन्म ती विमानं जुळवण्यात गेला, ते अशा वेळी गहिवरतात; सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाने शेवटची मिग-२१ निवृत्त केल्यापासून तर फारच. त्यांचं होऊ द्यावं, मग नावावर यावं. सोबत्यांत मतभेद झाला तर लॅटिन नाव जो मोठ्याने उच्चारेल तो जिंकतो. हरायची वेळ आली तर "हॅम्पसनमध्ये बघा" म्हणावं. त्यांचे पतंगांवरचे चार खंड १८९२ ते ९६ चे आहेत, आणि रात्री दोन वाजता ते उघडायला कोणी जात नाही. तरीही वाद मिटला नाही, तर "जननेंद्रिय तपासल्याशिवाय सांगता येणार नाही" असं गंभीरपणे म्हणावं. हे शास्त्रीयदृष्ट्या अनेक जातींबाबत अगदी बरोबर आहे. फक्त वहिनी चहा घेऊन आल्या असतील तर जरा थांबावं.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे द्राक्षबागायतदार पडद्याशी येणं. त्याच्यासमोर हिप्पोशन सेलेरिओला "काय देखणा हॉकमॉथ!" म्हणू नये, शेपटीला शिंग असलेली त्याची अळी द्राक्षवेलीची पानं खाते. तुम्ही ज्या मातकट पतंगावर अर्धा तास भांडताय, तो हा गडी हातभर अंतरावरून ओळखेल: "घाटेअळीचं पाखरू हाये हे." ते हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा निघेल. त्याचीच अळी हरभऱ्यात घाटेअळी, टोमॅटोत फळ पोखरणारी अळी, कपाशीत बोंडअळी. बागायतदाराकडे प्रकाश सापळा असतो, खाली रॉकेल टाकलेलं पाणी. हरभऱ्यात कामगंध सापळे असतात. सलग दोन-तीन दिवस सापळ्यामागे आठ-दहा पतंग दिसले की तो फवारणीला निघतो. म्हणजे रोज मोजतो, आणि तेही सोबत्यांशी न भांडता. नोंदवहीत 'ओळख पटवणारे' या रकान्यात त्याचं नाव मानाने लिहावं.

तो जाताना म्हणेल, "दिवा ऱ्हाऊ द्या भाऊ रातभर. आमच्या बागेतली पाखरं तुमच्याकडं गेली तेवढीच बरी." तुमचे पाहुणे पहाटे सुखरूप उडून जातात, हे त्याला सांगू नये. फेब्रुवारीत द्राक्षं येतात.